एका आकड्याचा सातबारा : ‘पारी/जीपी’ वर्षभर वापरल्यानंतर

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील एक उदाहरण नववीच्या मुलांना दाखवावे, म्हणून गेल्या वर्षी मी शाळेच्या संगणक कक्षात स्प्रेडशीट उघडली. उदाहरण असे : अशी पूर्ण संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवल्यास बेरीज पुन्हा पूर्ण वर्ग येईल. भास्कराचार्यांच्या परिभाषेत यातील लहान संख्येला ‘कनिष्ठ’ आणि मोठीला ‘ज्येष्ठ’ म्हणतात. इथे सर्वांत लहान उत्तरातच कनिष्ठ २२६१५३९८० आणि ज्येष्ठ १७६६३१९०४९ इतके मोठे निघतात. मी ज्येष्ठाचा वर्ग केला, त्यातून कनिष्ठाच्या वर्गाची ६१ पट वजा केली आणि १ उमटेल या अपेक्षेने पडद्याकडे पाहिले, तर तिथे ० होते. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “सर, म्हणजे भास्कराचार्य चुकले?”

चुकले होते ते साधन, आणि त्याहून अधिक मी, कारण ते साधन पहिले साधारण पंधरा अंक तेवढे नीट सांभाळते आणि पुढचे गोल करते, हे मला ठाऊक असायला हवे होते. ज्येष्ठाचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१ आहे आणि कनिष्ठाच्या वर्गाची ६१ पट ३११९८८२९८२८६०२६४४०० आहे. या एकोणीस अंकी संख्यांमधला सगळा फरक एकोणिसाव्या अंकात आहे, आणि नेमका तोच अंक गोल करताना हरवतो. त्या संध्याकाळी घरी येऊन मी ‘कोणत्याही संख्येचे गुणधर्म सांगतो’ म्हणणारे एक संकेतस्थळ उघडले आणि त्यात बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची सुप्रसिद्ध संख्या घातली : पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे चौसष्ट घरांचे मिळून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे. शेवटी ५ असलेल्या त्या संख्येला संकेतस्थळाने ‘सम’ ठरवले, तिचे बावीस-तेवीस ‘गुणधर्म’ रंगीत चौकटींमध्ये मांडले आणि तळाशी ती ‘भाग्यवान’ असल्याचेही सांगितले. हिशेब करण्यापूर्वीच तिथे संख्येचे शेवटचे अंक गोल झाले होते आणि माझ्या संख्येऐवजी तिच्यापुढची, म्हणजे २ चा ६४ वा घात, तपासली गेली होती. वाईट याचे वाटले की कुठेही ‘एवढी मोठी संख्या मला झेपत नाही’ असे म्हटलेले नव्हते.

या दोन फजित्यांनंतर मी ‘पारी/जीपी’ या संगणकप्रणालीकडे वळलो. वर्षभर ती जवळजवळ रोज वापरल्यावर तिच्याविषयी लिहिण्याइतकी ओळख झाली आहे, असे मला वाटते.

पारी ही फ्रान्समधील बोर्डो विद्यापीठात आँरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली, संख्यासिद्धांतासाठीच, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांच्या अभ्यासासाठीच, घडवलेली प्रणाली आहे. आज तिची देखभाल करीम बेलाबास यांच्या नेतृत्वाखालील गट करतो. ती विनामूल्य आहे आणि तिचा आतला मजकूरही सर्वांना खुला आहे. नावामागे एक श्लेष आहे : आरंभी ती ‘पास्कल’ या संगणकभाषेत लिहिण्याचा बेत होता, त्यामुळे ‘पास्कल ॲरिथमेटिक’ची आद्याक्षरे घेतली गेली; शिवाय फ्रेंचमध्ये ‘पारी’ म्हणजे पैज, आणि ईश्वराच्या अस्तित्वावर फ्रेंच विचारवंत पास्कलने मांडलेली पैज प्रसिद्ध आहे. पास्कल भाषा लवकरच सोडून दिली गेली, नाव मात्र टिकले. ‘जीपी’ हा त्याच प्रणालीचा दर्शनी भाग. मूळ नावाचा अर्थ ‘ग्रेट (थोर) प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर’ असा होता आणि त्यातला कॅल्क्युलेटरचा ‘सी’ पुढे कधीतरी गळून पडला.

पहिल्या भेटीत ही प्रणाली कोणालाही आवडण्याची शक्यता कमी आहे. उघडल्यावर काळ्या पडद्यावर आवृत्तीची माहिती देणाऱ्या काही ओळी येतात आणि त्यांच्याखाली एक प्रश्नचिन्ह येऊन थांबते. बटणे, चित्रे, सूचना यांपैकी काही नाही. त्या प्रश्नचिन्हापुढे तुम्ही लिहायचे आणि तिने उत्तर द्यायचे, एवढाच व्यवहार. प्रत्येक उत्तराला क्रमांक मिळतो, त्यामुळे मागचे कोणतेही उत्तर त्या क्रमांकाने पुन्हा वापरता येते. एक छेद तीन लिहिले तर ती ०.३३३ असे करत नाही, १/३ तसेच ठेवते. पूर्णांक कितीही लांब असला, तरी त्याचा शेवटचा अंक जसाच्या तसा राहतो. मी पहिली ओळ लिहिली ती अर्थातच वर्गात फसलेल्या वजाबाकीची. उत्तर आले १.

त्यानंतर ज्येष्ठ संख्येचा सातबारा काढायचे ठरवले. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास ही संख्या ‘फॅक्टर’ या आज्ञेच्या कंसात घातली. (आज्ञा रोमन अक्षरांत द्याव्या लागतात, इथे मी त्या देवनागरीत लिहीत आहे.) बोट उचलण्याआधीच दोन स्तंभांचा उतारा समोर आला, डावीकडे मूळ अवयव आणि उजवीकडे त्यांचे घातांक : ११, ५९, १५२३ आणि १७८७, प्रत्येक एकदाच. पुढच्या ओळींमध्ये विचारल्यावर कळले की तिला १६ विभाजक आहेत, त्या सर्वांची बेरीज १९६१९३६६४० आहे आणि तिच्यापेक्षा लहान व तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या १५७६६०९३६० आहेत. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज १९५६१७५९१ एवढीच भरते, म्हणजे संख्येच्या नवव्या हिश्श्याहूनही थोडी कमी, त्यामुळे ही चांगलीच तुटीची संख्या म्हणावी लागेल.

इथपर्यंतची माहिती कोणतेही बरे संकेतस्थळ देईल. पारीचा फरक पडतो तो पुढचा प्रश्न सुचल्यावर. त्या चार अवयवांकडे पाहता पाहता मी सहज प्रत्येकाला आठाने भागले आणि चारही वेळा बाकी ३ आली. हा योगायोग नाही. ज्येष्ठातून १ वजा केला तर जे उरते ते २९७१८ या संख्येच्या वर्गाची बरोबर दुप्पट असते, आणि ‘एका वर्गाची दुप्पट अधिक एक’ अशा रूपाच्या संख्येला आठाने भागून १ किंवा ३ बाकी उरणारेच मूळ अवयव असू शकतात. मात्र इथे एकाही अवयवाची बाकी १ नाही, चारही जण ३ च्या घरातले आहेत. त्यामुळे आणखी एक गोष्ट उघड होते : चौघांनाही चाराने भागल्यास बाकी ३ उरते, म्हणून ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात कधीच लिहिता येणार नाही, पण ‘एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट’ या रूपात ती आठ प्रकारे लिहिता येते. मी एक छोटे आवर्तन लिहून ते आठही प्रकार प्रणालीकडून शोधून घेतले. यादीत १ आणि २९७१८ ही जोडी होतीच.

दुसरा प्रश्न याहून रंजक निघाला : चार अवयवांमधला हा १५२३ आला कोठून? सातबाऱ्यावर जमीन कोणाच्या नावावर आहे ते दिसते, पण ती त्याच्याकडे कशी आली हे पाहायचे तर फेरफार काढावे लागतात. भास्कराचार्यांच्या चक्रवाल पद्धतीत, म्हणजे फेरीफेरीने उत्तराकडे नेणाऱ्या रीतीत, ६१ साठी सुरुवात होते ती ८ च्या वर्गातून ६१ वजा केल्यावर उरणाऱ्या ३ पासून, आणि पुढच्याच फेरीत ३९ व ५ ही जोडी मिळते : ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, फरक उणे ४. हा उणे ४ चा क्षेप (म्हणजे उरलेला फरक) हाती आला की ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकातच दिलेली युक्ती वापरून थेट अंतिम उत्तरावर उडी घेता येते. त्या युक्तीत ३९ च्या वर्गात अनुक्रमे १, २ आणि ३ मिळवून १५२२, १५२३ आणि १५२४ या तीन संख्या तयार होतात. ज्येष्ठ म्हणजे १५२३ गुणिले एक संख्या. ती दुसरी संख्या अशी, की १५२२ आणि १५२४ यांच्या गुणाकारातून २ वजा करून त्याची निमपट करायची. ती येते ११५९७६३, आणि ११, ५९ व १७८७ यांचा गुणाकारही तोच.

मग कनिष्ठाचाही उतारा काढला. २२६१५३९८० चे अवयव असे आले : २ दोनदा, ३ दोनदा, आणि ५, १३, १२७, ७६१ प्रत्येकी एकदा. ब्रह्मगुप्ताच्या रीतीने कनिष्ठ म्हणजे ३९, ५, १५२२ आणि १५२४ यांच्या गुणाकाराची निमपट. आता उतारा समोर ठेवून वाचा : १३ आणि एक ३ आले ३९ मधून, ५ आला ५ मधून, ७६१ म्हणजे १५२२ चा अर्धा, १२७ आणि दुसरा ३ आले १५२४ मधून. एकही अवयव बेवारस नाही. ११५० च्या सुमारास पाटीवर केलेल्या गणिताच्या पायऱ्या उत्तराच्या अवयवांमध्ये अशा जशाच्या तशा नोंदलेल्या राहिल्या आहेत, हे इतकी वर्षे गणित शिकवूनही माझ्या लक्षात आले नव्हते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. मी तो तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा बरोबर नेलेल्या मुलांना ‘फार मोठे गणिती होते’ यापलीकडे काही सांगू शकलो नव्हतो.

याच गणिताचा आधुनिक अवतार पारीत एका शब्दात आहे. ‘क्वाडयुनिट’ या आज्ञेला ६१ दिले की उत्तर येते ‘१७ + ५ डब्ल्यू’. इथे डब्ल्यू म्हणजे १ आणि ६१ चे वर्गमूळ यांच्या बेरजेची निमपट, हे माहीत नसेल तर उत्तर कोड्यासारखे वाटते. थोडी मांडणी केली की त्यातून तीच ३९ आणि ५ ची जोडी बाहेर येते, आणि त्या पदावलीचा सहावा घात केला की भास्कराचार्यांचे उत्तर मिळते. मात्र प्रणाली ते १५४०१६५०६९ आणि ४५२३०७९६० अशा सहगुणकांत देते. त्यातला दुसरा अर्धा केला की कनिष्ठ, आणि तो पहिल्यात मिळवला की ज्येष्ठ, हा उलगडा आपला आपणच करायचा. पारीचा स्वभावच असा आहे : विचारलेले अचूक सांगायचे आणि समजावण्याच्या भानगडीत पडायचे नाही. मुलांच्या हाती ती एकटी सोपवू नये, असे मला वाटते ते यामुळेच.

त्याच संध्याकाळी देवळालीच्या द. रा. कापरेकरांची आठवण झाली. शाळेत शिकवता शिकवता संख्यांशी खेळलेल्या या माणसाने, अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव दिले. कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६ आहे आणि तिने त्याला पूर्ण भाग जातो, म्हणजे तो हर्षद आहे. ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज ४६, आणि ज्येष्ठ विषम असल्यामुळे तिथे प्रश्नच मिटतो. ‘समडिजिट्स’ ही आज्ञा आधीच तयार असल्यामुळे हे एका ओळीचे काम आहे. कापरेकरांचा ६१७४ चा खेळही (चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहायचे, की शेवटी ६१७४ येते) चार ओळींत लिहून होतो, आणि सर्व चार अंकी संख्यांवर तो चालवायला इतका कमी वेळ लागतो की पहिल्यांदा मला आज्ञा चुकल्याचा संशय आला.

बुद्धिबळाच्या दाण्यांच्या संख्येला पारीने अर्थातच विषम ठरवले. वीस अंकांची ही संख्या ‘लीलावती’त दिलेल्या एक, दश, शत ते परार्ध या अठरा स्थानांतही मावत नाही, १८४ परार्धांच्या वर जाते, पण तिचे अवयव पाहा : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. सगळे वेगवेगळे, म्हणून विभाजक १२८. यातले ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ हे फ्रेंच गणिती फर्माचे पाच मूळ आकडे. मागच्या आकड्याच्या वर्गाच्या आसपास पुढचा आकडा, अशी त्यांची चाल आहे. याच मालिकेतला सहावा, ४२९४९६७२९७, हाही मूळच असणार असे फर्माला वाटत होते. ऑयलरने १७३२ मध्ये त्याला ६४१ ने भाग जातो असे दाखवले, आणि दुसरा अवयव ६७००४१७ निघाला. म्हणजे धान्याच्या या एका राशीत फर्माचे खरे ठरलेले पाच दाखले आणि त्याच्या सुप्रसिद्ध चुकीचे दोन तुकडे एकत्र पडलेले आहेत. वर्गात मी हा उतारा काढून दाखवला, तेव्हा ६४१ जवळ सगळे थांबले. फर्माची चूक झाली होती, हे ऐकून मागच्या बाकाला विशेष समाधान वाटल्याचे दिसले.

आता या प्रणालीच्या ज्या गुणाला मी सर्वाधिक मान देतो, त्याकडे येतो. एखादी संख्या मूळ आहे का, हे विचारण्यासाठी इथे दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘इझस्यूडोप्राइम’ एक झटपट कसोटी लावते. या कसोटीला फसवणारी एकही संयुक्त संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि २ च्या ६४ व्या घाताच्या खाली तशी संख्या नाही हे तपासून झालेले आहे. तरीही त्याहून मोठ्या संख्यांसाठी या कसोटीने सिद्धता मिळत नाही. सिद्धता हवी असेल तर ‘इझप्राइम’ वापरायचे आणि थोडे थांबायचे. इतकेच काय, अवयव पाडताना मिळणारे मोठे अवयव एरवी झटपट कसोटीवरच मूळ मानले जातात, आणि पक्की सिद्धता हवी असल्यास अमुक पर्याय चालू करा, असे माहितीपुस्तिकेतच स्पष्ट लिहिलेले आहे. ‘मला हे ठाऊक आहे’ आणि ‘मला याची खात्री वाटते’ यांत भेद करणारे साधन विरळाच. विषमाला सम म्हणून वर भाग्यवान ठरवणाऱ्या त्या रंगीत चौकटींच्या तुलनेत ही कोरडी पुस्तिका मला अधिक सभ्य वाटते.

संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव कळणे, यांतले अंतरही इथे हाताला लागते. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करून येणारी २१ अंकी संख्या मूळ नाही, हे फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्ये दाखवले होते, पण तिचा एकही अवयव त्याच्या हाती नव्हता. ते अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये जाहीर केले. पारी तेच डोळ्यांचे पाते लवण्याआधी सांगते. पण हे अंतर बुजले असे कोणी समजू नये. सांकेतिक सुरक्षेच्या आव्हानासाठी प्रसिद्ध केलेली ६१७ अंकी ‘आरएसए-२०४८’ ही संख्या दिली, तर ती संयुक्त असल्याचे पारी लगेच सांगते. अवयव विचारले तर ती प्रामाणिकपणे कामाला लागते आणि तुमचे आयुष्य संपले तरी परत येणार नाही. ते अवयव आजवर कोणालाच पाडता आलेले नाहीत. त्याच मालिकेतील २५० अंकी संख्या २०२० मध्ये फुटली, तीही खास प्रणाली आणि हजारो संगणकांची ताकद लावून. घरच्या संगणकावर, दोन मोठ्या मूळ अवयवांची साठ-सत्तर अंकी संख्या असेल तर चहा होईपर्यंत थांबावे. शंभर अंकांच्या पुढे या प्रणालीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

अंकांची लांबी मात्र फसवी असते. १ ते १०० या सर्व संख्यांचा गुणाकार १५८ अंकी आहे, पण त्याचे अवयव लहान असल्यामुळे उतारा लगेच निघतो. त्याला विभाजक किती, हे ‘नमडिव्ह’ला विचारल्यावर क्षणात ३९००१२५०८५६९६०००० हे उत्तर आले. मी उत्साहाच्या भरात लगेच ‘डिव्हायझर्स’ लिहिले, म्हणजे त्या सर्वांची यादीच मागितली. प्रणालीने राखून ठेवलेली जागा भरल्याचा संदेश दिला, हवी तर जागा वाढवा असेही सुचवले, आणि प्रश्नचिन्ह पुन्हा येऊन थांबले. तेवढी यादी ठेवायला जगात कोठे जागा मिळणार, हा हिशेब विचारण्याआधी मी करायला हवा होता.

तक्रारी आहेतच. सगळा कारभार इंग्रजीत, आणि तोही विद्यापीठीय इंग्रजीत. माहितीपुस्तिका वाचणाऱ्याला बीजीय संख्याक्षेत्रे आधीच ठाऊक आहेत, असे गृहीत धरते. देवनागरी अंक चालत नाहीत. आपल्या सवयीने लाख-कोटींचे स्वल्पविराम घालून संख्या दिली, तर ती चूक म्हणून परत येते. वीस अंकी संख्येत एखादा अंक राहून गेला तर तो शोधताना डोळे दमतात, आणि अंकांचे गट पाडून दाखवण्याची सोय उत्तरातही नाही. आज्ञांची नावे कधी आखूड तर कधी अनाकलनीय असतात. त्यातल्या त्यात दिलासा असा की दोन प्रश्नचिन्हे आणि आज्ञेचे नाव लिहिले की तिची माहिती तिथल्या तिथे मिळते, आणि सुरुवातीला लागणाऱ्या आज्ञा पंधरा-वीसहून अधिक नाहीत. त्या मी एका पाठकोऱ्या कागदावर लिहून कक्षाच्या भिंतीला चिकटवल्या आहेत.

मिळवणे सोपे आहे. विंडोजसाठी तयार संच मिळतो, लिनक्सवर नेहमीच्या भांडारातून घेता येते, ॲन्ड्रॉइड फोनसाठी ‘पारीड्रॉइड’ आहे, आणि काहीच बसवायचे नसेल तर प्रणालीच्या संकेतस्थळावर ती ब्राउझरमध्येच चालते. आमच्या शाळेत जुने संगणक आहेत. त्यांच्यावरही ती विनातक्रार चालली. ज्यांना एखाद्या संख्येची गंमत तेवढी पाहायची आहे, त्यांना हे काळे पान रुक्ष वाटेल. ज्याला एका उत्तरातून दुसरा प्रश्न सुचतो, अशा दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्याला, शिक्षकाला किंवा निवृत्तीनंतर गणिताकडे परतलेल्या माणसाला मी याहून चांगले साधन सुचवू शकत नाही.

गेल्या महिन्यात त्याच मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले की फर्माने १६५७ मध्ये हेच कोडे आव्हान म्हणून घातले, तेव्हा ६१ बरोबर आणखी कोणता आकडा दिला होता. तो होता १०९. तिथे ज्येष्ठ १५८०७०६७१९८६२४९ आणि कनिष्ठ १५१४०४२४४५५१०० आहे. क्षेप उणे ४ ची जोडी आम्ही फळ्यावरच शोधली : २६१ आणि २५, कारण २६१ चा वर्ग ६८१२१ आणि २५ च्या वर्गाची १०९ पट ६८१२५. मग प्रणालीला काही विचारण्याआधी मुलांनी भाकीत केले, की ६८१२१ मध्ये २ मिळवून येणाऱ्या ६८१२३ ने त्या पंधरा अंकी ज्येष्ठाला भाग गेलाच पाहिजे. आणि ६८१२३ म्हणजे ११ गुणिले ११ गुणिले ५६३, म्हणून ११ इथेही भेटणार, आणि तोही दोनदा. मी बाकी काढण्याची ओळ लिहिली आणि कळ दाबायचे काम त्या मुलाला दिले. उत्तर आले ०. या वेळी ते खरे होते.